रोजनिशीची लेखणी : मुंबईची जहाजे, त्यांवरचे खलाशी आणि नोंदींचा इतिहास

१/
आजचा धागा समुद्राचा आहे आणि तो लिहिणारा आहे हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याचा. येथून मुंबईचे बंदर रस्त्याने पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. आमच्याकडे पाण्याचा सर्वांत मोठा विस्तार म्हणजे पावसाळ्यात फुगलेली नदी. तरीही फाल्गुन-चैत्रात हळद शिजू लागली, की तिच्या भावाची चर्चा करताना कोणीतरी हटकून म्हणतो, "बाहेर माल किती चालला?" हा 'बाहेर' न्हावाशेवाच्या धक्क्यापासून सुरू होतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर तर ही चर्चा अधिकच वाढली आहे.

२/
नरहर कुरुंदकर याच गावी १९३२ साली जन्मले. त्यांच्या गावच्या माणसाने इतिहासावर लिहायचे, तर पुरावा आधी आणि अभिमान नंतर, एवढे पथ्य पाळावे लागते. म्हणून आज कान्होजी आंग्रे यांच्या पराक्रमावर लिहिणार नाही. त्यावर पुष्कळ धागे आहेत. आजचा प्रश्न रुक्ष वाटेल असा आहे : जहाजाच्या रोजनिशीत कोण लिहीत असे, आणि ते लिहिण्याने नेमके काय बदलत असे?

३/
प्रथम किनाऱ्यावरचे ज्ञान पाहू. कोकणातल्या कोळ्याला, भंडाऱ्याला भरतीची वेळ सांगायला छापील कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, एवढाच नियम. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता पूर्ण भरती आणि सहा तासांनी, नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा.

हा नियम बरोबर का येतो? चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही तितकीच मागे सरते. तिथीमागे पाऊण तास धरला की हिशेब जवळपास जुळतो. शेकडो वर्षांचे निरीक्षण एका ओळीत मावावे, असे हे सूत्र आहे. मला तर आपल्याकडच्या 'डेटा'चे याहून सुबक उदाहरण सुचत नाही.

४/
राज्यकर्त्यांच्या पातळीवरही हा विचार होताच. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. लढाईच्या रीतीबरोबर तेथे व्यवस्थापनही आहे : पावसाळ्यात जहाजांची छावणी कोठे करावी, वाऱ्याचा विचार कसा करावा, जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात का लावू नये. आरमार बाळगणे म्हणजे हंगाम, माणसे आणि लाकूड यांचा हिशेब बाळगणे, ही जाण त्यात स्पष्ट दिसते.

५/
मात्र या ज्ञानाला एक मर्यादा होती. ते माणसाच्या डोक्यात राहत असे. नाखवा गेला, की त्याच्या माहितीतले पुष्कळसे त्याच्याबरोबर जाई. उरे ते त्याने मुलाला किंवा तांडेलाला सांगितले असेल तेवढेच. शिवाय पाऊणपटीचा नियम ओळखीच्या किनाऱ्याचा होता. तो मलाक्काच्या सामुद्रधुनीत चालणार नव्हता. दहा जहाजांनी दहा ठिकाणी पाहिलेले एका कागदावर यावे आणि अकराव्याला उपयोगी पडावे, यासाठी वेगळीच शिस्त लागते. ती शिस्त ज्या बंदरांत घडली, त्यांतले एक मुंबई होते, हे आपल्याला फारसे शिकवले जात नाही.

६/
१७८६ सालची गोष्ट. जेम्स हॉर्सबर्ग नावाचा स्कॉटिश तरुण 'ॲटलास' या जहाजावर पहिला मेट होता. बटाव्हियाहून सिलोनकडे जाताना ते जहाज दिएगो गार्सिया बेटावर फुटले. चूक नकाशाची होती. खलाशी कुशल होते, वारा प्रतिकूल नव्हता, तरी कागदावरचे बेट चुकीच्या जागी असेल तर कौशल्य काय करणार?

हॉर्सबर्ग वाचला आणि मुंबईला आला. पुढची कित्येक वर्षे तो मुंबई-चीन मार्गावरच्या जहाजांवर होता. त्या काळात त्याने एकच उद्योग लावून धरला : खडक, खोली, प्रवाह, वारे, किनाऱ्याची ठेवण, जे दिसेल ते मोजायचे आणि लिहायचे. इतरांच्या रोजनिश्याही मिळवायच्या आणि आपल्या नोंदींशी ताडून पाहायच्या.

७/
त्याची चिकाटी कशी होती, हे एकाच गोष्टीवरून कळेल. १८०२ ते १८०४ या काळात त्याने प्रवासात वायुभारमापकाच्या सतत नोंदी ठेवल्या. त्यांतून दिसले, की उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, अगदी घड्याळासारखा. हे निरीक्षण १८०५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले.

कप्तानाला याचा उपयोग काय? रोजचा चढउतार ठाऊक असला, म्हणजे त्यात न बसणारी घसरण लगेच डोळ्यांत भरते, आणि अशी घसरण बहुधा वादळाची वर्दी असते. नेहमीचे काय ते माहीत असल्यावाचून वेगळे काय ते ओळखता येत नाही. आज जहाजांच्या इंजिनांवर बसवलेली संवेदक यंत्रे जे करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

८/
१८०९ ते १८११ दरम्यान हॉर्सबर्गचा पूर्वेकडच्या समुद्रांविषयीचा मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८१० साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला जलसर्वेक्षक नेमले. पुढे कित्येक दशके पूर्वेकडे येणाऱ्या कप्तानाच्या पेटीत हा ग्रंथ असे.

येथे थोडे थांबू. मुंबईहून सुटणाऱ्या 'कंट्री' जहाजांवर, म्हणजे हिंदुस्थान आणि चीन यांच्यामध्ये फिरणाऱ्या जहाजांवर, डोलकाठीवर चढणारे, सुकाणू धरणारे, पाण्याची खोली मोजण्यासाठी शिशाचे वजन सोडणारे खलाशी बहुतांशी हिंदी असत. खोलीचा आकडा त्यांच्या हातातल्या दोरीवर उमटे आणि लिहिला जाई तो युरोपीय अधिकाऱ्याच्या वहीत. हे विभाजन लक्षात ठेवा. पुढची शंभर वर्षे ते तसेच राहणार आहे.

९/
नोंदी जमवण्याचा दुसरा मोठा प्रयत्न कलकत्त्यात झाला. हेन्री पिडिंग्टन हा पूर्वाश्रमीचा जहाजी. बंगालच्या उपसागरात वादळ झाले, की तो त्यात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या मागवी आणि कोणत्या वेळी कोठे कोणत्या दिशेचा वारा होता ते नकाशावर मांडी. १८३९ पासून त्याचे हे निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात येत गेले. अनेक जहाजांचे वारे एकत्र मांडल्यावर वर्तुळ दिसू लागे. एकट्या जहाजाला ते कधीच दिसले नसते. या वादळांना त्याने १८४८ साली जे नाव दिले, ते आज आपण रोज ऐकतो : 'सायक्लोन'.

१०/
तिसरा प्रयत्न अमेरिकेतला, आणि जहाजे 'कार्यक्षम' करण्याच्या दृष्टीने सर्वांत थेट. मॅथ्यू फाँटेन मॉरी हा अमेरिकी नौदलाचा अधिकारी. १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला आणि समुद्रावरची नोकरी जवळजवळ संपली. १८४२ साली त्याला नकाशे आणि उपकरणांच्या कोठारावर नेमण्यात आले. तेथे नौदलाच्या जुन्या रोजनिश्यांचे ढीग धूळ खात पडले होते. इतरांच्या दृष्टीने ती रद्दी होती. मॉरीने त्यांतले वारे आणि प्रवाह महिनावार, चौकोनावार वेगळे काढून नकाशे तयार केले.

११/
नकाशे त्याने कप्तानांना फुकट दिले, पण एक अट घालून : तुमच्या प्रवासाच्या नोंदी मी दिलेल्या नमुन्यात भरून मला परत पाठवा. १८४८ साली कप्तान जॅक्सन याने या सूचनांप्रमाणे बाल्टिमोरहून रिओ द जानेरोचा प्रवास केला. तेथे जायला साधारण ५५ दिवस लागत. तो ३८ दिवसांत पोहोचला. जहाज जुनेच, शिडे जुनीच. बदलला होता फक्त मार्ग.

१८५३ साली ब्रुसेल्समध्ये समुद्री राष्ट्रांची परिषद भरली आणि रोजनिशीचे रकाने सर्वांनी सारखे ठेवावेत असे ठरले. रकाने सारखे नसतील तर दोन जहाजांच्या नोंदी मिळवता येत नाहीत, हे आज कोणालाही पटेल. तेव्हा त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली.

(जाता जाता : हाच मॉरी पुढे अमेरिकी यादवीत दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूला गेला. माणसाचे काम थोर असले म्हणून त्याची निवड थोर ठरत नाही.)

१२/
पुन्हा मुंबईला येऊ. कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. आकाशाचे वेध घेणे आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ पुरवणे हे तिचे मूळ काम. जहाजाचे रेखांश काढायचे तर अचूक घड्याळ लागते. घड्याळ चार सेकंद चुकले, तर विषुववृत्तापाशी स्थान एका सागरी मैलाने चुकते. मिनिटभर चुकले, तर पंधरा मैलांनी. रात्रीच्या अंधारात किनारा गाठणाऱ्या जहाजाला पंधरा मैल म्हणजे खडक की मोकळे पाणी, एवढा फरक.

१३/
या वेधशाळेत नोंदी घेणाऱ्यांत १८४० च्या दशकात एक कोवळा मराठी मुलगा होता : केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. जन्म १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली चुंबकीय आणि हवामानाच्या वेधांचे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. पुढे ते गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले आणि टिळकांचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेशी संबंध होता.

म्हणजे किनाऱ्यावर, वेधशाळेच्या छपराखाली, लेखणी मराठी हातात आली होती. जहाजावर मात्र नाही.

१४/
या कंटाळवाण्या नोंदींचे मोल किती, त्याचा एक दाखला द्यायचा मोह आवरत नाही. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर इतिहासातले सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झाले. त्याच्या ज्या मोजक्या नोंदी जगात उरल्या, त्यांत कुलाब्याची नोंद आहे. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण तीत दिसते. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा अभ्यास केला, तो या नोंदीच्या आधारे. नोंदीची वही भरणाऱ्याला आपले आकडे १४४ वर्षांनी कोणी वाचील अशी कल्पना असणे शक्यच नव्हते.

१९०४ साली मुंबईच्या ट्रामच्या विजेने चुंबकीय वेध बिघडू नयेत म्हणून हे काम अलिबागला हलवण्यात आले, म्हणजे केरूनानांच्या नागावच्या शेजारी.

१५/
आता जहाजाच्या पोटात उतरू. वाफेची जहाजे आली, तसे कार्यक्षमतेचे गणित वाऱ्यावरून कोळशावर आले. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर कामाची वाटणी जवळपास ठरून गेलेली असे : डेकवर रत्नागिरीचे आणि गुजरातचे खलाशी, भटारखान्यात आणि खाण्याच्या खोल्यांत गोव्याचे, इंजिनाच्या भट्टीपाशी बहुधा पंजाब-सरहद्दीकडचे. डेकवरच्या टोळीचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकाणी. भट्टीत कोळसा घालणारा आगवाला, कोळसा वाहून आणणारा कोलवाला, यंत्राला तेल घालणारा तेलवाला. कोकणात 'सारंग' आणि 'तांडेल' ही आडनावेच होऊन बसली आहेत.

१६/
आगवाल्याचे काम म्हणजे नुसते फावडे मारणे, असा समज असेल तर तो सोडून द्या. कोळसा एकदम ढीग घालून टाकला, तर वरचा जळत नाही, काळा धूर होऊन चिमणीतून जातो. भट्टीचे दार जास्त वेळ उघडे राहिले, तर थंड हवा आत शिरून वाफेचा दाब उतरतो. थर पातळ आणि सारखा हवा, राख वेळेवर काढायला हवी, आणि हे सारे जहाज हेलकावत असताना, भाजून काढणाऱ्या उष्णतेत. तेच जहाज, तोच कोळसा, पण आगवाले कसलेले असले तर दिवसाचा खर्च वेगळा येई. मुख्य इंजिनिअर रोज किती टन कोळसा जळला ते लिहून ठेवी. त्या आकड्यामागे आगवाल्याचे कौशल्य होते. वहीत ते 'कोळसा, इतके टन' एवढेच उरे.

आशियाई माणसाला उष्णता कमी बाधते, असा सोयीस्कर सिद्धांतही तेव्हा प्रचलित होता. त्यांना मिळणारा पगार युरोपीय खलाशाच्या मानाने फारच थोडा होता, हे त्या सिद्धांताचे खरे बळ.

१७/
मग इतका अनुभव असलेले हे खलाशी अधिकारी का झाले नाहीत? १८२३ च्या कायद्याने हिंदी खलाशी 'ब्रिटिश खलाशी' या व्याख्येबाहेरच ठेवले होते. पुढे मेट आणि मास्टर होण्यासाठी परीक्षा आल्या. त्या परीक्षेला बसायचे, तर आधी जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून ठराविक काळ काढावा लागे. शिकाऊ म्हणून घ्यायचे की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. दारावर 'हिंदी माणसास मज्जाव' अशी पाटी लावण्याची गरजच नव्हती. दाराकडे जाणारा जिनाच काढून घेतला होता.

१८/
१९१९ साली हा प्रश्न अचानक व्यवहाराचा झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची 'लॉयल्टी' मुंबईहून युरोपकडे निघाली. आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याच तारखेला.

पण अभिमान बाजूला ठेवून 'लॉयल्टी'कडे पाहा. १८९१ साली 'एम्प्रेस ऑफ इंडिया' म्हणून बांधलेले हे जहाज महायुद्धात इस्पितळाचे जहाज झाले होते आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेले होते. अठ्ठावीस वर्षांची प्रवासी बोट, मालवाहतुकीला गैरसोयीची. १९२३ साली ती मोडीत निघाली. शिवाय तिच्या ब्रिजवर उभे राहायला प्रमाणपत्रधारक हिंदी अधिकारी आणायचे कोठून? मालक हिंदी, खलाशी हिंदी आणि रोजनिशी लिहिणारे इंग्रज, अशी ही स्वदेशी बोट होती.

१९/
ब्रिटिश कंपन्यांनी दोन हत्यारे वापरली. एक, दर पाडणे. दुसरे अधिक चतुर होते : व्यापाऱ्याने ठराविक काळ सारा माल आपल्याच बोटींतून पाठवला, तर भाड्याचा काही भाग त्याला परत द्यायचा, पण तो काही महिन्यांनी. मधल्या काळात त्याने एकदा जरी दुसऱ्याच्या बोटीतून माल पाठवला, की साठलेली सूट बुडाली. व्यापारी आपल्याच पैशाने बांधला जाई.

मराठवाड्याच्या वाचकांनी हे दूरचे समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली आणि परभणी-नांदेडकडचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. निजामाच्या राज्याला स्वतःचे बंदर नव्हते. मुंबईत बोटीचे भाडे कोण ठरवतो, याचा परिणाम आमच्या मोंढ्यापर्यंत येऊन पोहोचणे अटळच होते.

१९२३ साली सिंधियाला लॉर्ड इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात कंपनीचा एकूण टनभार आणि तिचे मार्ग यांवर मर्यादा आल्या. तग धरला, पण पंख कापून.

२०/
दरम्यान मध्यवर्ती कायदेमंडळात शिवस्वामी अय्यर यांनी हिंदी व्यापारी नौकानयनाचा प्रश्न लावून धरला. कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९२४ साली तिचा अहवाल आला. त्यातल्या दोन शिफारशी महत्त्वाच्या : किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने हिंदी जहाजांसाठी राखावी, आणि मुंबईत प्रशिक्षण-जहाज सुरू करावे.

पहिली शिफारस सरकारने बाजूला सारली. दुसरी स्वीकारली. माझ्या मते सरकारला दुसरी निरुपद्रवी वाटली. जहाजेच हिंदी नसतील, तर शिकलेली पोरे जाणार कोठे?

२१/
१ डिसेंबर १९२७ रोजी 'डफरिन' सुरू झाले. रॉयल इंडियन मरीनचे हे जुने सैन्यवाहू जहाज माझगावच्या धक्क्यासमोर नांगरून त्यावर शाळा भरू लागली. सुरुवातीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. मुले जहाजावरच राहत. शालेय विषयांच्या जोडीला नौकानयन, खुणांचे संदेश, होडी वल्हवणे, दोरकाम, नकाशा वाचणे. दुपारी सूर्य माथ्यावर आला, की सेक्स्टंटने त्याची उंची घेऊन अक्षांश काढायचा आणि वहीत लिहायचा. हॉर्सबर्गने मुंबई-चीन मार्गावर जे केले, ते आता मुंबईच्या बंदरात हिंदी मुलगा शिकत होता. आकडा त्याचा, लेखणी त्याची आणि चूकही त्याचीच.

२२/
शंका खरी ठरली. शिकून बाहेर पडलेल्या कॅडेटांना सामावून घ्यायला ब्रिटिश कंपन्या नाखूश होत्या. सिंधियाचा आधार होता, पण तिच्याकडची जहाजे मोजकी. प्रशिक्षण आणि जहाज या दोन्ही शिफारशी एकत्र का हव्या होत्या, हे आता कळते.

तरीही पहिल्या तुकडीतून एक नाव सांगायलाच हवे : रामदास कटारी. 'डफरिन'मधून ते नौदलात आले आणि १९५८ साली स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ज्या दाराचा जिना काढला होता, त्याच्या पलीकडे पोहोचायला एकतीस वर्षे लागली.

'डफरिन'ची जागा १९७२ साली 'राजेंद्र'ने घेतली आणि १९९३ साली 'चाणक्य' हे नाव धारण करून ही शाळा नवी मुंबईत किनाऱ्यावर आली. तेथे आजही कॅडेट घडतात.

२३/
आता वर्तमान, थोडक्यात. जहाजाचा वेग आणि त्याला लागणारी शक्ती यांचे नाते साधारण घनाचे असते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तरी तेवढ्याच अंतराला इंधन सुमारे १९ टक्के कमी जळते. म्हणून बंदरात धक्का मोकळा कधी होणार, हे आधी कळले तर धावत जाऊन बाहेर नांगर टाकून बसण्यापेक्षा हळू जाणे केव्हाही स्वस्त. मॉरीने मार्ग बदलून जे साधले, ते आज वेग बदलूनही साधता येते.

२०१९ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमानुसार ५,००० टन आणि त्यावरच्या मोठ्या जहाजांना वर्षभरात किती इंधन जळले याची मोजदाद करून ती कळवावी लागते.

२४/
आणि या साऱ्याचा पाया काय? रोज दुपारी जहाजावरून कंपनीला जाणारा अहवाल. त्याला आजही 'नून रिपोर्ट' म्हणतात. काल दुपारपासून आज दुपारपर्यंत किती मैल, किती इंधन, वारा कुठला, लाटा किती. उपग्रह डोक्यावर असताना दुपारचे प्रयोजन उरलेले नाही. सूर्य माथ्यावर आल्यावर अक्षांश काढायचा, त्या जुन्या सवयीचा हा अवशेष आहे.

त्या अहवालात 'वारा मध्यम' असे न पाहता लिहिले, किंवा टाकीतले तेल मोजण्याऐवजी कालच्या आकड्यावरून आजचा बसवला, तर किनाऱ्यावरचा संगणक तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देतो. दिएगो गार्सियाचे बेट पुन्हा चुकीच्या जागी जाते. म्हणून इंधनबचतीच्या कोणत्याही योजनेत नोंद घेणाऱ्याला शिकवण्याचा खर्च धरावाच लागतो.

२५/
शेवटी एक विनंती, विशेषतः रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या वाचकांना. तुमच्या पणजोबांनी बोटीवर नोकरी केली असेल, तर घरात कोठेतरी त्यांचा नोकरीचा दाखला असेल. मुंबईचे जुने खलाशी त्याला 'नली' म्हणत. तीत जहाजाचे नाव, भरती झाल्याची आणि सुटल्याची तारीख, हुद्दा आणि शेवटी वर्तनाविषयीचा रकाना असतो. त्या रकान्यात बहुधा एकाच मजकुराचा इंग्रजी शिक्का पानोपान दिसेल : 'फार चांगले'.

जहाजाच्या रोजनिशीत ज्यांना लिहिता आले नाही, त्यांच्याविषयी जहाजाने लिहिलेले एवढेच. ती पाने नीट उजेडात ठेवून त्यांची छायाचित्रे काढा. जहाजांची नावे आणि तारखा एका तक्त्यात मांडा, रकाने सर्वांनी सारखे ठेवा, आणि येथे प्रतिसादात सांगा. पुढचा धागा त्यावर करू.